टोमॅटोसाठी माती कशी तयार करायची: लागवडीच्या दोन-तीन महिने आधीपासूनची सगळी कामं

हंगाम संपल्यावर टोमॅटोचं झाड मुळासकट काढून कधी नीट बघितलंय का? मी पहिली दोन वर्षं नव्हतं बघितलं. रोपं लावायची, महिनाभर छान वाढायची, मग ऊन चढलं की माना टाकायची, पहिल्या घोसातल्या फळांची बुडं काळी पडायची, आणि मी दर वेळी एकच उपाय करायचे, खत बदलून बघायचं. तिसऱ्या वर्षी एक झाड खणून काढलं, मुळं पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू धुतली आणि मग लक्षात आलं. मुळं वीतभर खाली गेली होती आणि तिथून सगळीच्या सगळी आडवी वळली होती, फरशीवर पाणी सांडल्यावर पसरतं तशी. खाली कडक थर होता, टिकाव मारला तर टणक आवाज येईल असा. वरची माती मी दरवर्षी खत घालून मऊ करत होते आणि झाडाचा सगळा संसार त्या वीतभर मातीतच चालला होता.

म्हणून या लेखात खताचा भाग नंतर येईल, आधी हवा आणि पाणी. चांगल्या बागेच्या मातीत साधारण निम्माच भाग घन असतो, उरलेला निम्मा म्हणजे पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत थोडं पाणी थोडी हवा असं दोन्ही लागतं कारण मुळंही श्वास घेतात. टोमॅटो या बाबतीत फार हळवा आहे. मातीत पाणी तुंबलं की एक-दोन दिवसांत पानांचे देठ खाली वाकतात, माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं, आणि आपण ते बघून अजून पाणी घालतो. तिथेच झाड जातं.

वेळेचं सांगायचं तर लागवडीच्या आधी दोन-तीन महिने हातात ठेवा. आठवड्यात उरकायचं काम नाहीये हे. चुना किंवा गंधक घालायचं असेल तर मातीत मुरायलाच काही महिने जातात, अर्धवट कुजलेलं खत कुजायलाही वेळ लागतो.

आधी आपली माती ओळखा

जिथे टोमॅटो लावायचाय तिथे फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या आणि निघालेली माती एका गोणपाटावर ठेवा. घाई करू नका, पंधरा-वीस मिनिटं द्या या कामाला. माती हाताने फोडत जा. रवाळ कणीदार फुटतेय का, की मोठमोठी चौकोनी ढेकळं निघतायत? वास घ्या, चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा ओला वास येतो, आंबट किंवा सडका वास आला तर खाली पाणी साचतंय असं समजायचं. गांडुळं मोजा. माती ओलसर असताना एवढ्या खड्ड्यात दहाच्या आसपास किंवा जास्त निघाली तर मातीत जीव आहे, दोन-तीनच निघाली तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. आणि खड्ड्याच्या भिंतीत एखादी सळई किंवा स्क्रूड्रायव्हर वरून खालपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर टोचून बघा, जिथे एकदम जोर लावावा लागतो तिथे तुमचा कडक थर आहे.

मग त्यातलंच एक सुपारीएवढं ढेकूळ पूर्ण वाळवा आणि काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते कारण डोळ्यांदेखत उत्तर मिळतं. मातीची बांधणी चांगली असेल तर ढेकूळ बुडबुडे सोडतं पण आकार धरून राहतं, तासाभरानेही ओळखू येतं. बांधणी नसेल तर मिनिटाभरात विरघळून पाणी गढूळ होतं आणि तळाशी चिखल बसतो. तुमच्या वाफ्यात प्रत्येक जोराच्या पावसानंतर हेच होत असतं, वरचे कण विस्कटून पोकळ्या बुजवतात आणि वाळल्यावर पापडी धरते.

माती किती वाळूची किती चिकणीची हे बघायला उभी काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश माती भरा, पाणी आणि अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घाला, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, त्यावर पोयट्याचा (वाळूहून बारीक, चिकणीहून जाड कणांचा) थर दोनेक तासांत, आणि चिकण माती बसायला एक-दोन दिवस लागतात. स्केल लावून थर मोजले की प्रमाण कळतं. टोमॅटो तसा सगळ्या प्रकारच्या मातीत येतो, पोयट्याच्या मध्यम मातीत सगळ्यात सुखाने येतो, पण तुमची माती वाळूची की चिकणीची यावर पुढचं पाणी देणं आणि खताचे हप्ते ठरतात.

शेवटची चाचणी निचऱ्याची. त्याच फूटभर खड्ड्यात पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि आता घड्याळ लावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. तासाला सेंटिमीटरभरही उतरत नसेल तर तिथे सरळ गादीवाफे करा, बाकी काही करत बसू नका. आणि दहा सेंटिमीटरच्या वर भराभर उतरत असेल तर पाणी आणि खत दोन्ही वाहून जाणार, तिथे कंपोस्ट जास्त लागेल.

सामू आणि माती परीक्षण

टोमॅटोला किंचित आम्ल माती आवडते, सामू म्हणजे पीएच ६.२ ते ६.८ असला की छान, ६ ते ७ पर्यंतही चालतं. सामू खूप वर किंवा खूप खाली गेला की मातीत अन्नद्रव्य असूनही झाडाला घेता येत नाही. जास्त चुनखडीच्या जमिनीत नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण, पण बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, फक्त अडकून पडलेलं असतं.

एकदा तरी प्रयोगशाळेत माती तपासून घ्या, मी याबाबतीत हट्टी आहे, कारण न तपासता चुना टाकणं म्हणजे डोळे मिटून औषध घेण्यासारखं आहे. नमुना मात्र नीट घ्या नाहीतर पैसे वाया. वरचा पालापाचोळा बाजूला सारून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे करायचे, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढायची, सगळी माती एका स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायची, मग कापडावर गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले परत मिसळून परत चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. नुकतंच खत टाकलेल्या जागेची, खताच्या ढिगाजवळची किंवा बांधाची माती घेऊ नका. रिपोर्टमध्ये सामू, क्षारता म्हणजे ईसी, सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) एवढं तरी मागा.

घरच्या घरी एक ढोबळ गोष्ट कळते. वाळलेल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं तर मातीत मोकळी चुनखडी आहे. अशा मातीत चुना, राख अजिबात घालायची नाही. गंधक घालून सामू उतरवण्याच्या मागेही फार लागू नका कारण गंधकापासून तयार झालेलं आम्ल ती चुनखडीच आधी खाऊन टाकते, सामू जागचा हलत नाही. तिथे भरपूर कंपोस्ट आणि चांगल्या मिश्रणाचा गादीवाफा हाच व्यवहारी मार्ग.

माती आम्ल निघाली, समजा ५.५, तर शेतीचा चुना घालावा लागेल. हलक्या वाळूच्या जमिनीत सामू एक अंकाने चढवायला चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास चुना लागतो, भारी चिकण मातीत त्याच्या दुपटीच्या जवळपास, पण नेमका आकडा रिपोर्टवरूनच घ्या. बांधकामाचा कळीचा चुना वापरू नका, तो फार दाहक असतो. आणि चुना एकदा जास्त पडला की उतरवणं महाकठीण, म्हणून थोडा घाला, काही महिन्यांनी परत तपासा. ज्यांना सामू न हलवता नुसतं कॅल्शियम हवंय त्यांच्यासाठी जिप्सम आहे.

गेल्या वर्षी तिथे काय होतं?

टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत आणि त्यांचे रोगही सामायिक आहेत. एकाच जागी दरवर्षी यातलंच काहीतरी लावत राहिलं की मर रोगाची बुरशी, जिवाणूजन्य मर, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी) सगळे मुक्कामाला राहतात. जमेल तर तीन वर्षं त्या वाफ्यात या कुळाचं काही लावू नका, मका, कांदा, लसूण, पालेभाज्या, कोबी घ्या. जागा एवढीशीच असेल तर निदान वाफ्यांची अदलाबदल करा आणि रोग प्रतिकारक वाण निवडा, बियाण्याच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात, ती याचसाठी, व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम आणि एफ म्हणजे फ्युजेरियम, या दोन्ही मर रोगाच्या बुरशा, आणि एन म्हणजे सूत्रकृमी.

गेल्या वर्षी झाडं हिरवी असतानाच अचानक लोळली असतील आणि कारण कळलं नसेल तर पुढच्या वेळी अशा झाडाचा बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापा आणि ग्लासभर स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा लटकवा. काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर आहे. ती जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. त्या जागी टोमॅटोचा विचार सोडा, कुंडीत लावा. फावडं, खुरपं, चपला सुद्धा धुऊनच दुसऱ्या वाफ्यात जायचं.

मुळांवर गाठी दिसत असतील, मण्यांसारख्या, चोळून न निघणाऱ्या, तर सूत्रकृमी. (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या, त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात, त्या चांगल्या.) यावर दोन उपाय मला पटलेत. एक म्हणजे सोलरायझेशन, अगदी कडक उन्हाच्या महिन्यांत वाफा सपाट करून चांगला भिजवायचा, पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला चिकटून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं आणि माती जास्त तापते. वरच्या थरातल्या बुरशा, सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंच कमी होतं, पण खोलवरचं राहतंच, त्यामुळे नंतर वाफा खोल उकरून खालची माती वर आणू नका. दुसरा उपाय म्हणजे एक हंगाम पूर्ण वाफाभर दाट झेंडू लावणं. टोमॅटोच्या कडेला चार झेंडू लावून विशेष फरक पडत नाही, दाट लावून दोन-तीन महिने ठेवला आणि मग तिथेच कापून मातीत मिसळला तर पडतो.

जवळ अक्रोडाचं झाड असेल तर जागाच बदला, त्याच्या मुळांतून सुटणारं द्रव्य टोमॅटोला सोसत नाही.

वापसा, आणि मगच मशागत

आता टिकाव घ्यायचा. पण त्याआधी वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल आहे का, ते बघा, कारण ओल्या चिकण मातीत एकदा जरी खणलं आणि तुडवलं तरी ती ढेकळं वर्षभर निस्तरावी लागतात. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वापसा आलाय, काम सुरू करा. अंगठा रुतून खळगा पडला आणि माती चकाकली तर अजून ओली आहे, दोन दिवसांनी या. गोळाच होत नसेल तर फार कोरडी आहे, हलकं पाणी देऊन एक-दोन दिवस थांबा.

कडक थर फोडायचा म्हणजे माती उलटीपालटी करायची असं नाही. बागेचा काटेफावडा पूर्ण आत घुसवा, दांडा आपल्याकडे ओढा, माती उचलली जाऊन तडे पडले की बस्स, काढा आणि वीतभर मागे सरकून परत. फूटभर खोलीपर्यंत असं सैल करायचं. वरची माती वरच राहते, खालची खाली, गांडुळांची बिळं आणि बुरशीचं जाळं बरंचसं शाबूत राहतं. पॉवर टिलरने माती पिठासारखी करणारे खूप आहेत, दिसायला ती फार सुंदर दिसते पण दोन पावसांत पापडी धरते, आणि टिलरची पाती दरवर्षी त्याच खोलीवर घासून खाली नवीन कडक थर तयार करतात, मला तर तो थर तसाच मिळाला होता. वाटाण्यापासून सुपारीपर्यंतचे मिश्र दाणे राहिले पाहिजेत.

आणि एक सांगते, चिकण मातीत वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो, ऐकू नका. थोडीशी वाळू चिकण मातीच्या कणांत अडकून विटेसारखा पदार्थ होतो. चिकण असो वा वाळू, दोन्हीवर औषध एकच, सेंद्रिय पदार्थ. चिकण मातीत तो कणांना एकत्र बांधून मधे पोकळ्या करतो आणि वाळूत पाणी धरून ठेवतो.

कंपोस्ट किती आणि कुठलं

नवीन वाफ्याला ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा थर पसरा आणि वरच्या १५-२० सेंटिमीटर मातीत मिसळा. ५ सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला ५० लिटर, १५ लिटरच्या बादलीने तीन-साडेतीन बादल्या. आकडा मोठा वाटतो, पण पहिल्या वर्षी एवढं लागतंच. पुढच्या वर्षांपासून दोन-अडीच सेंटिमीटर पुरे. जास्त ते चांगलं असं इथे नाही, दरवर्षी जाडच्या जाड शेणखत घालत गेलात तर स्फुरद आणि क्षार साठत जातात, आणि स्फुरद फार वाढला की मुळांशी दोस्ती करणारी मायकोरायझा बुरशी मुळांत शिरतच नाही, जी खरं तर टोमॅटोला पाणी आणि अन्न आणून देते.

कंपोस्ट तयार आहे की नाही हे ओळखायला शिका. रंग गडद, वास मातीचा, हात घातला तर गरम नाही, मूळ वस्तू ओळखू येत नाहीत. शंका असेल तर मूठभर ओलसर कंपोस्ट झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा, उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र (नायट्रोजन) आधी स्वतः वापरतात, रोपं पिवळी पडतात. लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर हेच होतं, त्याचं काम वरून आच्छादन म्हणून, आत नाही.

ताजं शेण, कोंबडीखत थेट लागवडीला नकोच. मुळं भाजतात ते वेगळं, त्यात माणसाला आजारी पाडणारे जिवाणूही असतात. कच्चं शेण घालायचंच असेल तर ते घालणं आणि फळं तोडणं यात किमान चार महिन्यांचं अंतर ठेवा.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत असते आणि जिच्यामुळे माझा एक पूर्ण वाफा गेला. काही तणनाशकं, अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड या गटातली, चाऱ्यावर मारलेली असतील तर जनावराच्या पोटातून जशीच्या तशी शेणात येतात आणि कंपोस्ट होऊनही टिकतात. टोमॅटो त्यांना अतिशय संवेदनशील आहे. माझ्या रोपांचे शेंडे नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखे गुंडाळले, पानं आखडून चमच्यासारखी झाली, मी आधी व्हायरस समजून झाडं काढत बसले. शेजारच्या, ते खत न घातलेल्या वाफ्यातली झाडं मात्र टवटवीत होती, तिथे खरा प्रकार लक्षात आला. तेव्हापासून बाहेरून आणलेलं प्रत्येक खत मी आधी तपासते: तीन लहान कुंड्यांत एक भाग खत एक भाग माती, तीन कुंड्यांत नुसती तीच माती, सगळ्यांत घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी, आणि दोन-तीन आठवडे वाट. खताच्या कुंड्यांतली पानं वाकडी, आखडलेली आली तर ते खत भाजीच्या वाफ्यात जाणार नाही. कुंड्यांना खाली वेगवेगळ्या ताटल्या ठेवा म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. हा तीन आठवड्यांचा उशीर मनापासून सांगते, जरूर करा.

गांडूळखत मिळालं तर फार छान, पण ते महाग आणि ताकदवान, सगळीकडे पसरण्यापेक्षा लागवडीच्या खड्ड्यात दोन-तीन मुठी. वाफा रिकामा राहणार असेल तर ताग पेरा, फुलं यायला लागली की कापून मातीत मिसळा आणि दोन-तीन आठवडे कुजू द्या.

आता खतं

टोमॅटो खादाड आहे हे खरं, पण पालाश तो नत्रापेक्षा जास्त उचलतो. सुरुवातीला नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, दांडगं होतं आणि फुलं येत नाहीत किंवा गळतात. माझ्या मते कंपोस्ट पुरेसं घातलं असेल तर लागवडीच्या वेळी वेगळं नत्र देऊच नये, पहिली फळं गोटीएवढी झाली की हलका हप्ता द्यावा आणि मग तीन-चार आठवड्यांनी परत. स्फुरद, पालाश रिपोर्टमध्ये कमी आले असतील तरच आणि तेवढेच, मशागतीच्या वेळी मातीत मिसळून. रॉक फॉस्फेट फक्त आम्ल मातीतच लागू पडतं, चुनखडीच्या मातीत ते दगडासारखं पडून राहतं. लाकडाची राख पालाश देते पण सामूही चढवते, म्हणून आम्ल मातीतच आणि चिमूटचिमूट.

काळ्या बुडाबद्दल. ती फळातली कॅल्शियमची कमतरता असते हे बरोबर, पण मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं, पाणी कधी तुंबलेलं कधी कोरडंठाक असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. म्हणून खड्ड्यात अंड्याची टरफलं टाकून त्या हंगामात काही होत नाही, ती विरघळायला फार काळ लागतो. एप्सम सॉल्ट तर उलट नडतं, जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. मुळांना खोल जागा आणि सारखी ओल मिळाली की माझ्याकडे काळी बुडं जवळजवळ बंद झाली.

वाफे, लागवड, आच्छादन

वाफा एक ते सव्वा मीटर रुंद ठेवा, दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे म्हणजे आत पाय ठेवावा लागत नाही. एकदा सैल केलेल्या मातीवर पाय नको, कुणाचाच. निचरा कमी असेल तर २० ते ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, आणि तो भरायच्या आधी खालची मूळ जमीन काटेफावड्याने सैल करून घ्या, हे विसरलं तर मुळं परत तिथेच अडतात. कंपोस्ट मिसळल्यानंतर वाफा भिजवून दोन-तीन आठवडे बसू द्या. या काळात तणं उगवतील, ती कोवळी असतानाच खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा, खोल उकरू नका.

कुंडीत लावणाऱ्यांनी नुसती बागेची माती भरू नये, ती कुंडीत घट्ट बसते. कोकोपीट, कंपोस्ट आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असं हलकं मिश्रण करा आणि कुंडी २० लिटरपेक्षा लहान नको.

रोप लावताना दहा सेंटिमीटर खोलीवरचं मातीचं तापमान सकाळी १५-१६ अंशांच्या वर असू द्या, थंड मातीत रोप नुसतं बसून राहतं, जांभळट पडतं. खालची पानं काढून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडा, टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला नवीन मुळं फुटतात. (कलमी रोप असेल तर मात्र जोड मातीच्या वर ठेवायचा.) बुडाशी माती हलक्या हाताने दाबा, पायाने नाही, आणि भरपूर पाणी द्या.

आच्छादन लगेच नको, माती उबदार झाली की घाला. कोरडं गवत, पेंढा, वाळलेला पाला, ५ ते ८ सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं सोडून. यामुळे ओल टिकते हे आहेच, पण त्याहून मोठं काम म्हणजे पावसाचे आणि पाण्याचे थेंब मातीवर आपटून करप्याचे बीजाणू खालच्या पानांवर उडत नाहीत. पाणी रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-चार दिवसांआड खोल द्या, वाळूच्या मातीत जरा लवकर. बोट दोन पेरं आत घाला, तिथे कोरडं लागलं तर द्या. गरम दुपारी पान मलूल दिसलं म्हणून नळी उचलू नका, संध्याकाळी ते परत उभं राहतं का बघा, नाही राहिलं तर मग द्या.

आणि हंगाम संपला की निरोगी झाडं जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या, त्यांच्या जागी पुढच्या वर्षी हवा-पाण्याच्या वाटा तयार होतात. रोगट झाडं मुळासकट काढून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नाही. फक्त प्रत्येक वाफ्यातलं एक झाड सगळ्या मुळांसकट अलगद खणा, पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा आणि स्केल लावून बघा, मुळं किती खोल गेली, कुठे वळली, गाठी आहेत का. मी ते आकडे वाफ्याच्या नावाने वहीत लिहून ठेवते. जो वाफा वीतभरावर अडला तिथे परत काटेफावडा, जिथे गाठी निघाल्या तिथे पुढच्या वर्षी झेंडू.